शुल्कसवलतीची मुदत संपण्यापूर्वी: नागपूरच्या निर्यातदारांनी आणि आयातदारांनी काय तपासावे

हिंगणा किंवा बुटीबोरीतील लहान कारखानदार परदेशी ग्राहकाला दर कळवतो, तेव्हा तो बहुधा सहा महिने ते वर्षभरासाठी बांधला जातो. ग्राहक मात्र आपल्या दारात माल किती रुपयांना पडतो हे पाहतो आणि त्या हिशोबात त्याच्या देशाचे आयात शुल्क धरलेले असते. विकसनशील देशांना मिळणारी शुल्कसवलत त्या हिशोबात कायमची मानली गेली, तर ती काढून घेतली जाताच सारा व्यवहार कोलमडतो. अमेरिकेने ५ जून २०१९ पासून भारताची ही सवलत बंद केली आणि ज्या वस्तू त्या दिवसापर्यंत शुल्काविना जात होत्या, त्यांच्यावर सर्वसाधारण शुल्क लागू झाले. म्हणून दर काढताना मूळ हिशोब नेहमी सर्वसाधारण दरावर करावा आणि सवलतीचा लाभ तिच्या अंतिम तारखेसह वेगळ्या ओळीत मांडावा.

प्रथम आपली सवलत कोणत्या प्रकारची आहे हे निश्चित करावे. विकसनशील देशांना प्राधान्य देण्याची कल्पना १९६८ मध्ये दिल्लीत भरलेल्या अंक्टाडच्या (संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकासविषयक संस्था) परिषदेत मान्य झाली, १९७१ मध्ये गॅटने (जागतिक व्यापार संघटनेपूर्वीची बहुराष्ट्रीय व्यापार करारव्यवस्था) तिला दहा वर्षांची मुभा दिली आणि १९७९ मध्ये तिला कायमचा आधार मिळाला. तथापि हा आधार सवलत देणाऱ्या देशाला आहे, घेणाऱ्याला नाही. ही योजना, म्हणजे जीएसपी (विकसनशील देशांसाठीची सर्वसाधारण प्राधान्य योजना), एकतर्फी असल्याने ती किती वर्षे, कोणाला आणि कोणत्या वस्तूंवर द्यायची हे देणारा देश ठरवतो. अमेरिकेच्या जीएसपीची मुदत ३१ डिसेंबर २०२० रोजी सर्वच देशांसाठी संपली. आफ्रिकी देशांसाठीच्या तिच्या स्वतंत्र योजनेची मुदत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली. युरोपीय संघाची सध्याची योजना ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत आहे. याउलट संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा १ मे २०२२ पासूनचा किंवा ऑस्ट्रेलियाबरोबरचा २९ डिसेंबर २०२२ पासूनचा करार दोन्ही बाजूंना बांधील आहे. जिथे करार आणि एकतर्फी योजना असे दोन्ही मार्ग खुले असतील आणि दरात मोठा फरक नसेल, तिथे माझ्या मते कराराचाच मार्ग धरावा.

यानंतर एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. पहिले सहा अंक जगभर समान असतात, पुढचे प्रत्येक देश आपापले ठरवतो. म्हणून भारतीय आठ अंकी कोड तसाच ग्राहकाला कळवून भागत नाही. आपल्याकडचेच उदाहरण घ्यावे. नागपुरी संत्रे मँडरिन वर्गातले असून त्याचा सहा अंकी कोड ०८०५२१ आहे. मोसंबी गोड संत्र्यांच्या वर्गात, म्हणजे ०८०५१० मध्ये मोडते. बीजकावर संत्र्याच्या पेट्यांपुढे नुसते ‘ऑरेंज’ लिहिले आणि घाईत दुसरा कोड पडला, तर दरही वेगळा लागू शकतो आणि मूळ देश प्रमाणपत्राचा (माल कोणत्या देशाचा आहे याचा दाखला) मालाशी मेळ बसत नाही. कोडविषयी शंका असेल तर मालाचा नमुना, घटक आणि वापर यांची माहिती ग्राहकाच्या कस्टम ब्रोकरला पाठवून त्याचे उत्तर लेखी मागवावे.

कोड ठरला की ग्राहकाच्या देशाच्या शुल्कसूचीत दोन्ही दर पाहावेत, एक सर्वसाधारण आणि दुसरा सवलतीचा. त्याखेरीज एखादे अतिरिक्त शुल्क चालू आहे काय, हेही पाहावे. कारण सवलत बहुतेक वेळा मूळ शुल्कापुरतीच असते. इथे बरेच जण फक्त योजनेची मुदत पाहून थांबतात, हे पुरेसे नाही. योजना चालू असतानाही एखादा देश तिच्यातून वगळला जातो, आणि देश कायम असतानाही एखादा मालगट वगळला जातो. युरोपीय संघ तीन-तीन वर्षांसाठी असे मालगट ठरवतो आणि १ जानेवारी २०२६ पासून भारताच्या अनेक औद्योगिक मालगटांची सवलत त्याने थांबवली आहे. ज्या वस्तूवर बंधनकारक सवलतच नाही, तिची स्थिती याहूनही नाजूक असते. बांगलादेशाने भारतीय संत्र्यांवरील आयात शुल्क २०१९ नंतर टप्प्याटप्प्याने कित्येक पटींनी वाढवले, त्याची झळ वरूड, मोर्शी, काटोल आणि नरखेडच्या बागायतदारांनी सोसली आहे.

तारखेचा हिशोब नागपूरकरांनी इतरांपेक्षा अधिक काटेकोरपणे करावा, कारण आपण समुद्रापासून दूर आहोत. अमेरिकेसह बहुतेक देशांत सवलत मिळते ती माल तिथल्या सीमाशुल्क खात्यात आयातीसाठी नोंदवला जातो त्या दिवशीच्या नियमाने. आपला शिपिंग बिल (इथल्या सीमाशुल्क खात्याकडे भरायचा निर्यातीचा कागद) कधी निघाला याला तिथे महत्त्व नाही. तेव्हा अंतिम तारखेपासून मागे मोजत यावे: तिकडच्या बंदरावरील नोंदणी, समुद्रप्रवास, वाटेत जहाज बदलायचे असल्यास तो वेळ, मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरातील थांबा, आयसीडीपासून (आपल्याकडचा कंटेनर डेपो) बंदरापर्यंतचा रेल्वेप्रवास आणि शेवटी आपल्या कारखान्यात कंटेनर भरण्याचा दिवस. मुदतीच्या आधी पोहोचण्याविषयी थोडीही शंका असेल, तर त्या खेपेचा दर सर्वसाधारण शुल्क धरूनच द्यावा.

सवलतीसाठी माल भारतीय मूळाचा असल्याचा पुरावा लागतो. येथे पिकलेले संत्रे संपूर्णपणे भारतीय ठरते. आयात केलेले पोलाद वापरून घडवलेल्या सुट्या भागाला मात्र पुरेशी प्रक्रिया झाल्याची अट लागू होते आणि ती अट प्रत्येक योजनेत निराळी असते. प्रमाणपत्रासाठी डीजीएफटीच्या (केंद्राचे विदेश व्यापार महासंचालनालय) पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करता येतो. युरोपीय संघाच्या जीएसपीसाठी निर्यातदार स्वतःच बीजकावर मूळाचे निवेदन करतो; मालातील भारतीय मूळाच्या वस्तूंची किंमत ६,००० युरोपेक्षा अधिक असेल तर त्यासाठी रेक्स (नोंदणीकृत निर्यातदार) नोंदणी आवश्यक असते, आणि हे निवेदन बारा महिने ग्राह्य राहते.

करारपत्रात एक कलम अवश्य घालावे: दर ठरल्यानंतर सवलत गेली, तर वाढीव शुल्क कोणी सोसायचे. याला जोडूनच दुसरा मुद्दा येतो, ज्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. अमेरिकेच्या जीएसपीची मुदत जुलै २०१३ अखेर संपली आणि २०१५ मध्ये ती मागील तारखेपासून पुन्हा लागू झाली. २०१७ अखेरच्या खंडानंतर २०१८ मध्येही तसेच झाले. मधल्या काळात भरलेले शुल्क परत मिळाले, परंतु ते आयातदाराला मिळते. त्या काळात ग्राहक टिकावा म्हणून ज्याने आपला दर कमी केला, त्या निर्यातदाराचा या परताव्यावर आपोआप हक्क निर्माण होत नाही. परतावा मिळाल्यास त्याचा किती वाटा निर्यातदाराला द्यायचा, हे सूट देतानाच लिहून घ्यावे, आणि खंडाच्या काळातही मूळाची कागदपत्रे पूर्वीप्रमाणेच तयार करावीत.

आयातदारांसाठी हिशोब उलट बाजूने येतो. समजा, मालाचे शुल्कपात्र मूल्य १०,००,००० रुपये, मूलभूत सीमाशुल्क १० टक्के आणि आयजीएसटी (आयातीवरील एकात्मिक वस्तू व सेवा कर) १८ टक्के आहे. सवलत नसेल तर १,००,००० रुपये शुल्क, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे १०,००० रुपये, आणि एकूण ११,१०,००० रुपयांवर १,९९,८०० रुपये आयजीएसटी भरावा लागतो. शुल्क शून्य झाले तर अधिभारही जातो आणि आयजीएसटी १,८०,००० रुपयांवर येतो. आयजीएसटीचे क्रेडिट मिळत असेल तर खरा फरक १,१०,००० रुपयांचा आहे, आणि सवलत नाकारली गेल्यास तोच व्याजासह भरावा लागतो.

गांधीबाग-इतवारीतील ज्या कापड व्यापाऱ्यांकडे बांगलादेशी तयार कपडे येतात, त्यांनी आतापासून सावध असावे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये ठराव करून बांगलादेशाने अल्पविकसित देशांच्या गटातून बाहेर पडण्याची तारीख २४ नोव्हेंबर २०२६ अशी ठरवली, आणि भारताची शून्य शुल्काची सवलत याच दर्जाशी जोडलेली आहे. ती पुढेही तशीच राहील असे गृहीत धरून ऑर्डर नोंदवू नये. शुल्काचा दर बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचे सीमाशुल्क खात्याकडे द्यायचे घोषणापत्र) सादर केल्याच्या दिवशीचा लागतो, ते जहाज येण्यापूर्वीच सादर केले असल्यास जहाजाच्या आगमन नोंदीच्या दिवशीचा, आणि बाँडेड (शुल्क भरण्यापूर्वी माल ठेवण्याच्या) गोदामातून माल सोडवताना त्यासाठीचे बिल ऑफ एन्ट्री सादर करण्याच्या दिवशीचा. त्यामुळे सवलत संपण्याच्या सुमारास माल बाँडमध्ये ठेवणे महागात पडू शकते. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या कॅरोटार नियमांनुसार (व्यापार करारांखालील सवलतीसाठी मालाचा मूळ देश तपासण्याचे भारतीय नियम) केवळ प्रमाणपत्र पुरत नाही. माल त्या देशात कसा तयार झाला याची फॉर्म १ मधील माहिती आयातदाराकडे आधीपासून असावी लागते आणि बिल ऑफ एन्ट्रीच्या तारखेपासून किमान पाच वर्षे ती जपून ठेवावी लागते. ही माहिती पुरवठादाराकडून ऑर्डर देतानाच मागावी, कारण पैसे पोहोचल्यानंतर ती मिळवणे फार कठीण जाते.