एस. ७९५ : सह्याद्रीतली जुनी कॉफी कशी निवडावी, भाजावी आणि गाळावी

पाकिटावर ‘१०० टक्के अरेबिका’ असं ठळक छापलेलं असतं आणि बहुतेक जण तेवढंच वाचून पैसे देतात. आंबा घेताना आपण हापूस की पायरी हे विचारल्याशिवाय राहत नाही. अरेबिका ही झाली कॉफीची जात. तिच्यातला वाण मात्र कुणी विचारत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. कारण आपल्याकडे विचारण्याजोगा एक वाण आहे : एस. ७९५. कॉफीवाले त्याला नुसतं ‘सेव्हन नाइन्टी फाइव्ह’ म्हणतात.

त्याचं कूळ ठाऊक असेल तर चव लवकर कळते, म्हणून आधी तेवढं सांगते. सूफी संत बाबा बुदन यांनी येमेनमधून सात बिया आणून कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही सतराव्या शतकातली आख्यायिका सर्वांना माहीत असते. त्या जुन्या झाडांची कॉफी उत्तम, पण अंगात प्रतिकारशक्ती कमी. १८६९ मध्ये श्रीलंकेत पानांवर तांबेरा हा बुरशीचा रोग आला आणि तिथले कॉफीचे मळे हळूहळू उजाड झाले. तोच रोग आपल्याकडेही पसरला. १९११ च्या सुमारास म्हैसूर संस्थानात केंट नावाच्या मळेवाल्याने तांबेऱ्यात टिकून राहिलेलं एक झाड निवडलं. तोच ‘केंट’ वाण. कपात अतिशय सुरेख उतरतो. पण बुरशीनेही रूप बदललं आणि केंटही तांबेऱ्याला बळी पडू लागला.

मग बाळेहोन्नूरचं संशोधन केंद्र कामाला लागलं. १९२५ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र आजही चिकमगळूर जिल्ह्यात भद्रेच्या काठी आहे. अरेबिका आणि लायबेरिका या दोन वेगळ्या जातींचा आपोआप झालेला एक संकर मळ्यात सापडला होता. त्याला एस. २६ म्हणत, आणि त्याच्या संततीतून निवडला एस. २८८. लायबेरिकाकडून आलेल्या गुणामुळे तो तांबेऱ्याला दाद देत नसे, पण त्यात सदोष दाणे फार निघत. म्हणून त्याचा केंटशी संकर केला आणि १९४० च्या दशकात एस. ७९५ हाती आला : ताकद एका बाजूची, चव दुसऱ्या बाजूची. इंडोनेशियातही तो गेला. तिथे त्याला ‘जेंबर’ म्हणतात.

आज त्याचीही प्रतिकारशक्ती पूर्वीइतकी राहिलेली नाही. त्यात खोडकिडा हा मोठा शत्रू. उघड्या उन्हातल्या झाडावर तो जास्त येतो, म्हणून पांगारा, सिल्व्हर ओक अशा झाडांची सावली जपावी लागते. नवे वाण सोपे असतानाही ज्यांनी ७९५ काढून टाकलेला नाही, ते मळेवाले चवीखातर कष्ट उपसत आहेत. त्यांची कॉफी नावानिशी मागून घेणं एवढं आपण करू शकतो.

घेताना पाकिटावर ‘एस. ७९५’ किंवा ‘एसएलएन ३’ शोधा, दोन्ही एकच. ‘प्लांटेशन ए’ किंवा ‘एए’ हा वाण नव्हे. ‘प्लांटेशन’ म्हणजे धुऊन तयार केलेली अरेबिका, आणि पुढची अक्षरं दाण्याचा आकार सांगतात. ‘पीबी’ म्हणजे फळात दोनाऐवजी एकच गोल दाणा भरलेला. चिकमगळूर आणि बाबाबुदनगिरी अरेबिकांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तेही जागेचं, वाणाचं नाही. एकाच मळ्यात चार वाण असतात आणि तोडणीत ते मिसळतात, तेव्हा विक्रेत्याला सरळ विचारा : हा लॉट फक्त ७९५ चा आहे का? भाजल्याची तारीख नसेल तर पाकीट परत ठेवा.

मी कच्चे दाणे आणून घरीच भाजते. जाड बुडाच्या लोखंडी कढईत एका वेळी १०० ग्रॅमच, कारण जास्त घेतले की वरचे कच्चे आणि खालचे करपलेले. मध्यम आच, आणि हात क्षणभरही थांबवायचा नाही. हिरवट दाणा आधी पिवळा पडतो आणि वाळक्या गवतासारखा वास येतो. मग तो तपकिरी होतो, फुगतो, मधल्या चिरेतली चंदेरी साल सुटून उडू लागते. दहाएक मिनिटांनी टचटच असा स्पष्ट आवाज सुरू होतो. ही पहिली तडतड. ती ओसरू लागली की अर्धा-पाऊण मिनिट थांबून कढई उतरवा आणि दाणे लगेच चाळणीत ओतून पंख्याखाली गार करा. साधारण ८५ ग्रॅम उरतात. दुसरी, बारीक आणि घाईची तडतड येईपर्यंत भाजू नका. तिथे ७९५ चं सगळं वेगळेपण जळून जातं आणि कुठल्याही काळ्या कॉफीसारखी एक कॉफी उरते.

भाजल्या दिवशी पिऊ नका. दाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, तो चार-पाच दिवस निघू द्या.

गाळण्यासाठी कागदी फिल्टर घ्या. १५ ग्रॅम कॉफी बारीक रव्याइतकी जाड दळा, पाणी २४० मिली. उकळी आल्यावर मिनिटभर थांबा. आधी चाळीस मिली ओतून अर्धा मिनिट कॉफी फुगू द्या, मग उरलेलं बारीक धारेने. एकूण तीन मिनिटांच्या आसपास सगळं खाली यायला हवं. लवकर उतरलं तर पुढच्या वेळी दळण बारीक करा, रेंगाळलं तर जाड.

पहिला कप दूध-साखरेशिवाय प्या, आणि कडकडीत नको. जरा निवल्यावर गुळाचा गोडवा पुढे येतो, मागे हलका मसाल्याचा वास, आंबटपणा अगदी बेताचा. झगझगीत फळांची चव शोधणाऱ्याला ती साधी वाटेल. मला तिचा तोल आवडतो.

दुधाची हवी असेल तर पितळी फिल्टरमध्ये दाट डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, काढा, आणि त्यासाठी दाणा एक छटा गडद भाजा. चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड, मात्र नको. आपल्याकडे कॉफी-चिकोरी मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, आणि तिच्या कडवट दाटपणापुढे ७९५ चा गोडवा कुठल्या कुठे जातो.