सिंथेटिक बायोलॉजीचा संयुक्त प्रकल्प: या चुका टाळा

सिंथेटिक बायोलॉजीत, म्हणजे पेशीत हवं तसं काम करणारी जनुकांची जोडणी बसवण्यात, जीवशास्त्रज्ञ, गणितज्ञ आणि अभियंते एकत्र काम करतात. त्यात सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मॉडेल करणाऱ्याला, म्हणजे पेशीचं वागणं समीकरणांत मांडणाऱ्या गणितवाल्याला, शेवटी बोलावणं. प्रयोगशाळेत सहा महिने मोजमापं चालतात, मग फाइल गणितवाल्याकडे जाते आणि तो सांगतो, यातून काहीच काढता येणार नाही. तो आडमुठेपणा करत नसतो. 2000 साली एलोविट्झ आणि लायब्लर या शास्त्रज्ञांनी ईकोलाय या जिवाणूत बसवलेलं रेप्रेसिलेटर नावाचं जनुकांचं सर्किट बघा. तीन जनुकं एकमेकांना गोलाकार दाबतात आणि पेशीची चकाकी काही तासांच्या लयीत कमीजास्त होते. पण प्रत्येक पेशीची लय वेगळी. हाच प्रयोग प्लेट रीडरमध्ये (अख्ख्या नमुन्याची चकाकी एकदम मोजणारं यंत्र) लावला, तर लाखो पेशींची सरासरी निघते आणि लय दिसतच नाही. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी पाहिली, म्हणून ती सापडली. तेव्हा क्लोनिंगला, म्हणजे डीएनएचे तुकडे जोडून पेशीत घालायला, हात घालण्याआधीच मॉडेलवाल्याकडून लिहून घ्या: काय मोजायचं, किती मिनिटांनी, एकेका पेशीत की अख्ख्या कल्चरमध्ये (द्रवात वाढवलेल्या सगळ्या पेशी).

दुसरा घोळ शब्दांचा, आणि तो लवकर लक्षात येत नाही. जीवशास्त्रज्ञाचा ‘व्हेक्टर’ म्हणजे प्लाझ्मिड, पेशीत जनुक नेणारं डीएनएचं छोटं कडं, गणितज्ञाचा संख्यांची रांग. ‘कंट्रोल’ म्हटलं की एकाला तुलनेचा नमुना आठवतो, दुसऱ्याला फीडबॅक. बैठकीत दोघंही मान डोलावतात! पहिल्याच आठवड्यात पानभर शब्दार्थ एकत्र बसून लिहा. वेळ वाया जातोय असं वाटेल, तरी लिहाच.

दोन विभागांचे आकडे जुळत नसतील तर आधी एकक बघा. प्लेट रीडरची चकाकी त्या यंत्राच्या स्वतःच्या एककात येते, दुसऱ्या यंत्राशी ती थेट ताडता येत नाही. फ्लुओरेसिन या चकाकणाऱ्या रंगाच्या ठरावीक पातळ द्रावणांवरून दोन्ही यंत्रं कॅलिब्रेट करा. जीएफपी (हिरवं चकाकणारं प्रथिन) नसलेल्या पेशीही सोबत मोजा, कारण पेशींची स्वतःची थोडी चकाकी असते. कल्चर दाट झालं असेल तर पातळ करूनच ओडी (कल्चर किती गढूळ आहे याचं माप) घ्या.

सर्किट सोमवारी चाललं आणि शुक्रवारी बंद पडलं, की अभियंते समीकरणं तपासायला बसतात. आधी प्लाझ्मिडचं सिक्वेन्सिंग करा, म्हणजे त्याच्या डीएनएची अक्षरं वाचून बघा. परकं प्रथिन बनवण्याचा पेशीवर भार पडतो. ज्या पेशीत म्युटेशनने, म्हणजे डीएनएतल्या बदलाने, सर्किट मोडतं ती वेगाने वाढते आणि बाकीच्यांना मागे टाकते. ग्लिसरॉल स्टॉकमधून (गोठवून ठेवलेल्या मूळ पेशी) नव्याने सुरुवात करा, जुनं कल्चर पुढे पुढे नेऊ नका.

प्रथिनांचे तुकडे जोडताना डीएनएचे तुकडे जोडायची मूळ बायोब्रिक पद्धत वापरू नका. जोडावर 8 बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) व्रण राहतो. पेशी जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचते, 8 ला 3 ने भाग जात नाही आणि ही वाचनचौकट सरकते.

जैवसुरक्षा समितीची परवानगी मात्र डीएनए मागवण्याआधी घ्या, आणि अर्जात संगणक विभागातल्या त्या विद्यार्थ्यांचीही नावं घाला जे प्रयोगशाळेत येणार आहेत.