श्वसनरोगाच्या संशोधनात सहभागी होताना

बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा दुसऱ्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात दमा, जुना खोकला किंवा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) यांवर उपचार घेणाऱ्या रुग्णाला कधीतरी विचारले जाते, ‘आमच्या अभ्यासात सहभागी व्हाल का?’ विचारणारा पुष्कळदा एमडीचे शिक्षण घेणारा तरुण डॉक्टर असतो, कारण त्या पदवीसाठी प्रबंध लिहावा लागतो. होकार देण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की उपचार आपल्यासाठी असतात, संशोधन मात्र मुख्यतः पुढच्या रुग्णांसाठी असते. आपल्याला त्यातून लाभ होईलच असे नाही, आणि नकार दिला म्हणून आपल्या नेहमीच्या उपचारांत तसूभरही फरक पडता कामा नये.

पहिले काम म्हणजे माहितीपत्रक सावकाश वाचणे. ते आपल्याला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीत किंवा कोकणीत, मागून घ्यावे. केसपेपरसोबत पुढे सरकवलेल्या कागदावर घाईने सही करू नये. तो घरी नेऊन मुलाबाळांशी बोलून ठरवण्याचा आपल्याला अधिकार आहे. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर सर्व मजकूर वाचून दाखवला गेला पाहिजे, अंगठा त्यानंतरच उमटवायचा, आणि संमतीपत्राची एक प्रत आपल्याजवळ ठेवायची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अभ्यासासाठी होणाऱ्या तपासण्यांचा खर्च सहभागी व्यक्तीवर पडू नये, म्हणून ‘या तपासणीचे पैसे कोण भरणार?’ हा प्रश्न संकोच न बाळगता विचारावा.

अभ्यासात केवळ तपासण्या आणि नोंदी आहेत की नवे औषध दिले जाणार आहे, हेही स्पष्ट करून घ्यावे. औषधाच्या चाचणीत बहुधा कोणत्या गटात जायचे हे रुग्ण किंवा डॉक्टर ठरवत नाहीत, ते यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, ठरते, आणि एका गटाला औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी मिळू शकते. अशी चाचणी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवणे 2009 पासून सक्तीचे आहे. नोंदणी क्रमांक मागितला तर घरातले कोणीही ती नोंद इंटरनेटवर विनामूल्य वाचू शकते.

आता कामाच्या इतिहासाकडे वळू, कारण फुप्फुसाच्या संशोधनात त्याच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही आणि तोच सर्वाधिक अपुरा सांगितला जातो. ‘शेती करतो’ किंवा ‘घरीच असते’ एवढ्या उत्तरावर थांबू नये. सिलिकाची धूळ श्वासात गेल्यावर सिलिकोसिसची लक्षणे दिसायला बहुधा दहा किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात, त्यामुळे आज बागायतीत काम करणाऱ्या माणसाने तरुणपणी डिचोली-सांगे भागातल्या खाणीवर, खडी फोडणाऱ्या क्रशरवर किंवा चिऱ्यांच्या खाणीत काढलेली वर्षे सांगितली नाहीत, तर त्याचा एक्स-रे पाहूनही कारण हाती लागणार नाही. स्त्रियांनी चुलीवर रांधण्याची वर्षे, न्हाणीतला भाण लाकडे जाळून तापवण्याची सवय, काजूच्या हंगामात भट्टीजवळ घेतलेला धूर, हे सर्व आठवून सांगावे. विडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या बाईला सीओपीडी होण्यामागे बहुधा हाच धूर असतो. घरी एका वहीत गाव, काम, सुरुवातीचे आणि शेवटचे वर्ष असे लिहून नेले तर पुष्कळ सोपे जाते. पूर्वी क्षयरोगाचा उपचार घेतला असेल तर तोही सांगावा, लपवू नये.

बहुतेक अभ्यासांत स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने श्वास सोडून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणी, असतेच. चाचणीपूर्वी तासभर धूम्रपान आणि जोराचे श्रम टाळावेत, पोट फुगेल इतके जेवू नये, छाती-पोटाला आवळणारे कपडे घालू नयेत. घट्ट बसणारी कवळी काढायची नसते, कारण तिच्या आधाराने ओठ नळीभोवती नीट मिटतात. इनहेलर किती तास आधी थांबवायचा हे औषधानुसार बदलते. ते डॉक्टरांनाच विचारावे, आणि धाप वाढली तर इनहेलर बिनधास्त घेऊन तसे त्यांना सांगावे. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, डोळ्याची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, थुंकीतून रक्त पडत असेल, तर चाचणीपूर्वीच सांगावे.

चाचणीत छाती पूर्ण भरेपर्यंत श्वास घ्यायचा, क्षणभरही न रेंगाळता सगळ्या जोराने सोडायचा, आणि हवा संपली असे वाटले तरी तंत्रज्ञ थांबा म्हणेपर्यंत सोडत राहायचे. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा आणि एकूण हवा यांचे गुणोत्तर श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधानंतरही 0.70 पेक्षा कमी राहिले, तर सीओपीडीचे निदान पक्के व्हायला मदत होते. किमान तीन नीट झालेले प्रयत्न लागतात, म्हणून ‘पुन्हा एकदा’ ऐकून वैतागू नये. सुरुवातीलाच कच खाल्लेला श्वास यंत्राला रोग्याच्या श्वासासारखाच दिसू शकतो, आणि असे चुकीचे आकडे प्रबंधात गेले तर निष्कर्षही चुकतात.

थुंकीचा नमुना सकाळी चूळ भरून, मोकळ्या हवेत, छातीतून खोकून काढावा. तोंडातली लाळ चालत नाही.

निरोगी नातेवाइकांना तुलनेसाठी बोलावले तर त्यांनीही जावे, असे मला मनापासून वाटते. निरोगी माणसाच्या फुप्फुसांची क्षमता किती असावी हे ठरवणारी 2012 ची जी जागतिक समीकरणे बहुतेक ठिकाणी वापरली गेली, त्यांत भारतीय उपखंडासाठी स्वतंत्र गटच नव्हता. आपल्या माणसांचे ‘सामान्य’ किती, हे आपल्याच निरोगी माणसांच्या श्वासावरून कळणार आहे.

सहभाग कधीही, कारण न देता थांबवता येतो. मात्र गुपचूप येणे बंद करण्यापेक्षा तसे कळवावे, कारण न कळवता गळालेला रुग्ण बरा झाला की खालावला हे संशोधकाला समजत नाही. मोबाईल क्रमांक बदलला तर तोही कळवावा. आपल्या तपासण्यांचे अहवाल मागून घेऊन नेहमीच्या फाइलमध्ये लावावेत, आणि अभ्यास संपल्यावर त्यातून काय निघाले हे विभागात जाऊन विचारावे.