नर्सिंगमध्ये जीव थकला असेल, तर राजीनाम्याआधी हे करा

दोन ऑफ मिळूनही थकवा जात नाही, बेल वाजली की चिडचिड होते, पेशंटचं नाव न येता फक्त ‘बेड नंबर सात’ तोंडात येतं, आणि आपण काही नीट करत नाही असं वाटत राहतं. याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ यादीत तो आजार म्हणून नाही, कामातून उद्भवणारी अवस्था म्हणून नोंदला आहे. म्हणून उपायही निम्मा कामातच शोधावा लागतो.

आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२. ॲनिमिया आणि थायरॉइडचा थकवा असाच दिसतो. दुसऱ्यांचे रिपोर्ट रोज लावणाऱ्या सिस्टरचा स्वतःचा रिपोर्ट सहसा जुनाच असतो.

मग झोप. नाइटला शेवटचा चहा-कॉफी पहाटे तीनच्या आत घ्या. कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तास शरीरात राहतो. घरी जाताना गॉगल घाला, खोलीला जाड पडदा लावा. घरच्यांना वेळ सांगून ठेवा, नाहीतर कुकरची शिट्टी आणि कुरिअरवाला झोपू देत नाहीत. डोळे मिटत असतील तर नाशिकरोड किंवा सातपूरपर्यंत गाडी चालवू नका. निघण्याआधी वीस मिनिटं डुलकी घ्या, नाहीतर बसने जा. नाशिकच्या डोंगरावरची पांडवलेणी चढून या, मन ताजं होईल, असा सल्ला बरेच जण देतात. पहिल्या आठवड्यात तो बाजूला ठेवा. थकलेल्या पायांना आधी अंथरूण लागतं.

आता खरं काम. एका छोट्या वहीत चौदा दिवस रोज चारच गोष्टी लिहा: किती पेशंट होते, ओव्हर (पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला पेशंटची माहिती) देऊन किती मिनिटं उशिरा निघालात, जेवण झालं का, आणि फार्मसीला पळणं, बिलिंगचे फोन, इंडेंट (सामानाची लेखी मागणी) यांत किती वेळ गेला. पेशंटची नावं लिहू नका. खूपदा जीव पेशंटच्या सेवेने थकलेला नसतो, या चौथ्या रकान्याने थकलेला असतो.

वही घेऊन इन्चार्ज सिस्टरना भेटा, राउंडच्या वेळी नाही. ‘फार लोड आहे’ हे रोज सगळेच म्हणतात, त्याचं काही होत नाही. ‘चौदापैकी नऊ दिवस चाळीस मिनिटं उशीर झाला’ असं मांडा आणि एकच गोष्ट मागा: मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशा क्रमाने ड्युटी लावा, इव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग नको. उलट्या क्रमाशी शरीर सहज जुळवून घेत नाही. तोंडी होकार मिळाला तरी अर्ज लेखी द्या, मेट्रनना (नर्सिंग विभागाच्या प्रमुखांना) प्रत द्या. आणि २०२७ च्या नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यात रजा मिळणं अवघड जाणार, तेव्हा मोठी रजा त्याआधीच मागून घ्या.

झोपेसाठी वॉर्डातली अल्प्राझोलामची गोळी मनाने घेऊ नका. सवय इथूनच लागते. रडू थांबत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीच्या चौदा दिवसांची वाट न बघता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस १४४१६ वर चोवीस तास मोफत, मराठीतही बोलता येतं.

तरीही सोडावंसं वाटलं, तर नाइटच्या सकाळी निर्णय घेऊ नका. आधी ओपीडी, डायलिसिस, इन्फेक्शन कंट्रोल किंवा शिकवण्याच्या कामात बदली मिळते का विचारा. मग बाँड (ठरावीक काळ नोकरी करण्याचा करार), नोटीस पिरियड आणि अनुभवपत्राची अट वाचा. घरी बसलात तरी नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नका.