ऑपरेशन दीड तासाचं, वाट नऊ महिन्यांची

ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या विभागात, शिकायला आलेली मुलं विचारतात, 'सर, स्पोर्ट्‌समध्ये जायचंय, काय करू?' म्हणजे खेळाडूंच्या दुखापतींचं सर्जन व्हायचंय. रस्ता सरळ आहे, पण लांब. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस, नीट पीजी ही प्रवेश परीक्षा, तीन वर्षं एमएस किंवा डीएनबी ऑर्थो, त्यावर आर्थ्रोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीतून सांध्याच्या ऑपरेशनची, फेलोशिप. एमडी स्पोर्ट्‌स मेडिसिन ही पदवी वेगळी, त्यात सर्जन होता येत नाही. एवढी गल्लत करू नका.

रेसिडेन्सीत, म्हणजे त्या तीन वर्षांत, हात बसतो तो हाडं जोडायच्या प्लेट-रॉडवर. दुर्बिणीत मात्र नजर स्क्रीनवर आणि हात गुडघ्यात, त्यात लेन्स 30 अंशांत तिरकी. फेलोशिपचे पहिले दोन महिने मी फक्त वाट शोधत होतो. घाबरू नका, बसतो हात.

मी खरं शिकलो ते एका कबड्डीपटूकडून. रेडवरून परतताना पाय मॅटवर रुतला आणि अंग वळलं. 'टक्कन वाजलं, सर.' रात्रीत गुडघा टम्म. मग गावात महिनाभर मालीश. गुडघा किंचित वाकवून मी एका हाताने मांडी धरली, दुसऱ्याने नडगी पुढे ओढली. ती कुठे अडेचना. एमआरआयच्या आधीच कळलं, एसीएल गेलाय, म्हणजे गुडघ्यातली हाडं जागेवर धरणारं लिगामेंट फाटलंय. ही लॅकमन टेस्ट. आधी चांगल्या पायावर करा, मग दुखऱ्या. रोज करा.

मांडीमागचे दोन टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, घेऊन नवा एसीएल बसवला. ऑपरेशन उत्तम झालं. पाचव्या महिन्यात तो आला. सूज नाही, दुखणं नाही. 'सर, निवड चाचणी आहे, भरतीचं वय निघून चाललंय.' मी म्हणालो, 'जपून खेळ.' तिथेच चुकलो. बसवलेला टेंडन आधी कमजोर होतो, त्यात रक्तवाहिन्या शिरतात, मग कुठे हळूहळू त्याचं लिगामेंट होतं. दुखणं लवकर थांबतं, ताकद उशिरा येते. नवा एसीएलही फाटला.

आता नऊ महिन्यांच्या आत कोणालाही सोडत नाही. त्यानंतरही दोन्ही मांड्यांची ताकद आणि एका पायावरची उडी मोजूनच. खेळाडू, पालक, कोच या तिघांना ऑपरेशनआधीच समोर बसवून हे सांगतो. म्हणून म्हणतो, फेलोशिपमध्ये फिजिओच्या खोलीतही तास घाला. गुडघा तिथे परत उभा राहतो.

त्याचं दुसरं ऑपरेशन मीच केलं. अकराव्या महिन्यात तो मॅटवर उतरला. भरतीचं वय तोवर निघून गेलं होतं.