बडोद्यात लोकसंस्कृतीच्या संग्रहात इंटर्नशिप करायची तर

पहिल्याच आठवड्यात हातात रेकॉर्डर देऊन गाणी गोळा करायला पाठवतील, ही अपेक्षा घरीच ठेवून जा. इंटर्नचा बहुतेक वेळ नोंदी करण्यात जातो आणि संग्रहाला गरजही त्याचीच असते. कोण गातंय, कुठलं, कधीचं, यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर कॅसेट कितीही स्वच्छ वाजली तरी अभ्यासकाच्या कामाची नाही.

बडोद्यात भाषा संशोधन प्रकाशन केंद्र १९९६ पासून आदिवासी भाषा आणि मौखिक साहित्यावर काम करतं. त्याची आदिवासी अकादमी छोटा उदेपूर जिल्ह्यात तेजगढला, शहरापासून सुमारे ९० किलोमीटरवर आहे. हस्तलिखितांकडे ओढा असेल तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं प्राच्यविद्या मंदिर. जाहिरातीची वाट न बघता एकपानी अर्ज स्वतःहून पाठवा. त्यात मोडी येते का, गुजराती वाचता-ऐकता येतं का, आठवड्याला किती तास देणार आणि कुठल्या महिन्यांत, एवढंच लिहा. ‘संस्कृतीची आवड आहे’ हे वाक्य गाळलं तरी चालेल. ते प्रत्येक अर्जात असतं. मुदत दोन महिन्यांच्या खाली मागू नका, कारण तिथली पद्धत अंगवळणी पडण्यातच दोन-तीन आठवडे जातात.

बहुधा सुरुवात जुन्या कॅसेटींपासून होते. वाजवण्याआधी कॅसेट उजेडात धरून बघा. पांढरट भुरा दिसला तर ती बुरशी आहे. बडोद्याच्या पावसाळ्यात बंद कपाटात ती सहज धरते. अशी कॅसेट यंत्रात घातली की बुरशी हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पसरते, म्हणून ती वेगळ्या पिशवीत घालून वरिष्ठांकडे द्या. कॅसेट ठीक असेल तर पुसून जाऊ नये म्हणून मागच्या कडेचे दोन्ही चिमुकले प्लॅस्टिकचे तुकडे आधी मोडा. फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे वर्षानुवर्षं घट्ट बसलेली गुंडाळी सारखी होते. फितीमागची स्पंजची गादी निखळली असेल तर आवाज येतो-जातो. अशा वेळी दुसऱ्या कॅसेटचं कवच वापरतात. आवाज दबका, घोंगडीतून आल्यासारखा वाटला तर लगेच फीत खराब म्हणून लिहू नका. हेडचा कोन जुळलेला नसतो, आणि हेडशेजारचा स्क्रू किंचित फिरवला की ‘स’ आणि ‘च’ स्पष्ट होतात. हे काम पहिल्यांदा कुणी शेजारी बसून दाखवल्याशिवाय करू नका.

डिजिटल प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झची वेव्ह फाइल हवी. स्टिरिओच्या एका तासाला सुमारे २ जीबी जागा लागते. खरखर काढून टाकायचा मोह आवरा. मूळ प्रत जशी आहे तशीच ठेवायची, सफाई करायची तर दुसऱ्या प्रतीवर. फाइलच्या नावात मोकळी जागा सोडू नका आणि तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.

मोडी कागदांच्या रुमालांवर (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांवर) बसवलं तर पेन बॅगेत ठेवून मऊ पेन्सिल घ्या. कागद हाताळताना हात धुऊन कोरडे केलेले बरे; हातमोज्यांत बोटांचा अंदाज जातो आणि जीर्ण कडा फाटतात. हातमोजे फोटो आणि निगेटिव्हसाठी. फाटलेल्या कागदाला सेलोटेप कधीच लावू नका. सगळ्यात जास्त चुका तारखांत होतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून चैत्र पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. गुजरातचा संवत दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतो: तिथपासून डिसेंबरअखेर ५७ वजा करा, पुढे जानेवारीपासून दिवाळीपर्यंत ५६. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या कागदावर संवत चैत्रापासून मोजलेला असू शकतो, मग चैत्र ते आश्विन एका वर्षाचा फरक पडतो. शिवाय उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे वद्य पक्षाला पुढच्या महिन्याचं नाव असतं. म्हणून मूळ तारीख जशीच्या तशी उतरवा आणि हिशेब शेजारच्या रकान्यात.

प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाची वेळ आली, समजा दांडिया बाजारातल्या आजींकडे भोंडल्याची गाणी किंवा ओव्या घ्यायच्या आहेत, तर पंखा आणि फ्रिज बंद करायला सांगायला लाजू नका. कुकरची वेळ टाळा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ पुरतं; आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, कारण गाणं रंगलं की आवाज चढतोच. सुरुवातीला तारीख, जागा आणि आजींची संमती त्यांच्याच आवाजात घ्या: नाव द्यायचं का, इंटरनेटवर ठेवायचं का, घरच्यांपुरतंच ठेवायचं का. हे प्रश्न वेगवेगळे विचारा. एका ‘हो’मध्ये तिन्हींची परवानगी धरू नका. राठवा आदिवासींच्या पिठोऱ्यासारख्या (भिंतीवर देवांची चित्रं काढण्याच्या) विधीत बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, जे गातो-म्हणतो ते घेण्याआधी तर त्याचीच नव्हे, घरच्या लोकांचीही परवानगी लागते.

बडोद्याच्या मराठी गाण्यांत तीन ठिकाणं निरनिराळी विचारावी लागतात: गाणं आज कुठे म्हटलं, गाणारी ते कुठे शिकली, आणि जिच्याकडून शिकली ती कुठली. सासूकडून शिकलेलं गाणं बडोद्याचं, माहेराहून आणलेलं कदाचित साताऱ्याचं. नुसतं ‘बडोदा’ लिहिलं की हा धागाच तुटतो. लिहून काढताना भाषा सुधारू नका. आजींनी भाजीला ‘शाक’ म्हटलं असेल तर ‘शाक’च लिहा. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला लिहायला किमान सहा तास धरा, कोरसात चार बायका असतील तर जास्त. टिपणं मात्र त्याच संध्याकाळी पूर्ण करा. मागून साथ देणाऱ्या बाईंचं नाव दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

शेवटच्या आठवड्यात नवं काम अंगावर घेऊ नका. अर्धवट नोंदींची यादी करून द्या, फाइलींच्या तीन प्रती झाल्यात का आणि त्यातली एक दुसऱ्या इमारतीत आहे का ते बघा, प्रतींचे चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळायचे आकडे) जुळवा. आजींची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन स्वतः पोचवा आणि तशी नोंद करा. तुमच्या मोबाइलवर राहिलेली ध्वनिमुद्रणं संग्रहात जमा झाल्यावर पुसून टाका, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली सुद्धा.