आधी उघडा, मग मिटा: जुनी मॅन्युअल लेन्स नव्या कॅमेऱ्यावर

काकांच्या कपाटातली हेलिओस ४४-२ ही जुनी सोव्हिएत लेन्स माझ्याकडे आली, तेव्हा तिची फोकस रिंग फिरवायला पुरा जोर लागायचा. आतलं वंगण सुकलं होतं. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणारा अडॅप्टर लावून पहिल्या दिवशी मी दोनशेच्या आसपास फोटो काढले आणि संगणकावर पाहिलं तर त्यातले जेमतेम वीस धड होते. म्हातारीने डोळे मिटले, असं म्हणून लेन्स डब्यात ठेवली. महिन्याभराने पुन्हा काढली तेव्हा लक्षात आलं, की लेन्स ठणठणीत आहे. माझे हातच उलट्या क्रमाने चालत होते.

त्या क्रमाकडे येण्याआधी जोडणी उरकून टाकू. प्रत्येक लेन्सच्या माउंटपासून, म्हणजे ती कॅमेऱ्याला जिथे बसते त्या कडीपासून, फिल्मपर्यंत, म्हणजे आता सेन्सरपर्यंत, एक ठरलेलं अंतर असतं. हेलिओसच्या एम४२ या स्क्रू माउंटचं ते ४५.४६ मिलिमीटर, सोनी ई माउंटचं १८. दोन्हींतला फरक २७.४६. अडॅप्टर म्हणजे एवढ्या जाडीची पोकळ धातूची नळी. आत ना काच, ना तारा. जुन्या एसएलआरमध्ये, म्हणजे आरशातून पाहायच्या फिल्म कॅमेऱ्यांत, हलत्या आरशाला जागा ठेवावी लागे, म्हणून ते अंतर मोठं. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे निकॉन एफ (४६.५), मिनोल्टा (४३.५), कॅननची जुनी एफडी (४२) अशा सगळ्यांना जागा मिळते. आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर हे गणित अडतं. निकॉनच्या डीएसएलआरवर एम४२ लेन्स साध्या अडॅप्टरने दूरवर फोकस होत नाही. त्यासाठी काचवाला अडॅप्टर लागतो आणि त्या स्वस्त काचेपायी चित्राची धार जाते. कॅननच्या ईएफ माउंटच्या डीएसएलआरवर एम४२ बसते, पण काही लेन्सचा मागचा भाग आरशाला घासतो. तिथे आधी खात्री करा.

अडॅप्टर हाताने हलवून पाहा. खुळखुळत असेल तर नको. मग रात्री लेन्स अनंताच्या खुणेवर फिरवून चंद्र पाहा. अडॅप्टर किंचित पातळ असेल तर चंद्र खुणेच्या थोडा आधीच स्पष्ट होतो. बरेच अडॅप्टर मुद्दाम असेच बनवतात आणि त्याने काही बिघडत नाही. जाड निघाला तर मात्र चंद्र कधीच स्पष्ट होणार नाही.

कॅमेऱ्याला वाटतं, पुढे लेन्सच नाही. सोनीत ‘रिलीज विदाउट लेन्स’, फुजीत ‘शूट विदाउट लेन्स’ हा पर्याय चालू केल्याशिवाय शटर दाबलं जात नाही. बॉडीत स्थिरीकरण (हात हलल्याचा परिणाम भरून काढायची सोय) असेल तर लेन्सची फोकल लेंग्थ हाताने भरावी लागते. सोनीत लेन्सवर लिहिलेला आकडाच, हेलिओससाठी ५८ मिलिमीटर, भरायचा. क्रॉप (फिल्मच्या चौकटीहून लहान) सेन्सर आहे म्हणून दीडपट करू नका. निकॉन झेडमध्ये ‘नॉन-सीपीयू लेन्स डेटा’मध्ये लेन्सची नोंद करून ठेवता येते. मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधल्या पात्यांनी लहान-मोठं होणारं भोक, तुम्ही रिंगवर ठरवायचं (एफचा आकडा मोठा, तर भोक लहान); शटरचा वेग कॅमेरा ठरवतो.

आता तो क्रम.

मी पहिल्या दिवशी काय केलं? उजेड भरपूर म्हणून रिंग एफ/८ वर ठेवली आणि तिथेच फोकस करत बसले. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर इथे फसवतो. अ‍ॅपर्चर मिटलं तरी तो चित्र उजळवून दाखवतो, त्यामुळे आपण अंधारात चाचपडतोय हे कळतच नाही. एफ/८ ला बरंच काही साधारण स्पष्ट दिसतं. नेमका डोळा कुठे आणि कान कुठे, हे ओळखू येत नाही. त्यात फोकस पीकिंगच्या, म्हणजे स्पष्ट भाग दाखवायला कॅमेरा चित्रावर काढतो त्या, लाल रेघा नाकापासून भिंतीपर्यंत नाचतात. पीकिंग कॉन्ट्रास्टच्या कडा रंगवतं, फोकस मोजत नाही. मी ते आता फक्त ‘साधारण कुठे’ एवढ्यापुरतं वापरते.

तर: अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. चित्र मोठं करा. चित्र मोठं करणारा मॅग्निफायर अंगठ्याखालच्या बटणावर नेमून ठेवा, मेनूत शोधत बसायची गोष्ट नाही ती. पापणी सापडेपर्यंत रिंग फिरवा, थोडी पुढे नेऊन परत आणा. मग अ‍ॅपर्चर हव्या आकड्यावर मिटा आणि शटर दाबा. मधे श्वास घेऊन पुढे-मागे डुललात तर सगळं पाण्यात. हेलिओसच्या ५८ मिलिमीटरला एफ/२ वर एक मीटर अंतरावरच्या चेहऱ्यासाठी फुल फ्रेमवर (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते. म्हणून मी कोपर बरगडीला टेकवते.

हेलिओस ४४-२ ही या कामासाठी जणू मुद्दाम बनवली आहे. तिला अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा आहेत. पुढची रिंग टकटक वाजत मर्यादा ठरवते, समजा एफ/४. दुसरी आवाज न करता उघडते-मिटते आणि एफ/४ ला येऊन आपोआप अडते. डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता मी उघडते, फोकस करते, अडेपर्यंत फिरवते. काकांच्या काळी हे गैरसोयीचं मानलं जायचं. मला आता याहून सोयीचं काही वाटत नाही.

स्वयंचलित अ‍ॅपर्चरच्या एम४२ लेन्सची गोष्ट वेगळी. तिच्या मागे एक बारीक पिन असते. ती दाबली गेली तरच पाती मिटतात. माझ्या पहिल्या अडॅप्टरमध्ये पिन दाबणारी आतली कड नव्हती. एका दुपारी मी एफ/८, एफ/११ असे आकडे फिरवत होते आणि पाती मात्र सताड उघडी! लेन्सवर ए-एम असा खटका असेल तर तो एमवर ठेवा; नसेल तर कड असलेला अडॅप्टर घ्या. पुढून आत डोकावून पाती हलताहेत का पाहायला दोन सेकंद लागतात.

लेन्स घेताना विजेरी जवळ असू द्या. अ‍ॅपर्चर उघडून मागून प्रकाश टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. एकसारखं धुकं म्हणजे हेझ. पुढच्या काचेवरच्या दोन-चार चऱ्यांना घाबरू नका, मागच्या काचेवरच्यांना घाबरा. पात्यांवर तेल दिसलं तर विकणाराही ओशाळतो, पण आपण पाती हाताने फिरवतो, त्यामुळे ती जरा मंद झाली तरी चालतं. तेल काचेवर चढलेलं नसावं इतकंच. बुरशीची लेन्स मात्र इतर लेन्सच्या पिशवीत ठेवू नका.

टाकुमार या जुन्या जपानी लेन्समधल्या ५० मिलिमीटर एफ/१.४ ची सात भिंगांची आवृत्ती हातात आली आणि चित्र चहासारखं पिवळं दिसलं, तर तो मळ नाही. त्या काचेत थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य आहे आणि वर्षानुवर्षांत ती पिवळी पडते. अतिनील एलईडीखाली काही दिवस ठेवली की बरीच निवळते. ती काच घासू-फोडू मात्र नये.

जुन्या कोटिंगमुळे तिरपं ऊन आत शिरलं की चित्र पांढुरकं पडतं. हूड लावा, नाहीतर तळहात धरा. मला ते पांढुरकेपण कधी कधी आवडतं; पानांच्या गर्दीसमोर हेलिओसची पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी फिरते, त्याला ते शोभतं. बायोटार या जुन्या जर्मन लेन्सच्या आराखड्यावरून आलेला हा गुण. एफ/४ ला तो जवळपास नाहीसा होतो.

फोटोच्या माहितीत अ‍ॅपर्चर नोंदलं जात नाही. म्हणून प्रत्येक मालिकेआधी मी लेन्ससमोर बोटं धरून एक फोटो काढते: एक बोट एफ/२, दोन एफ/२.८, तीन एफ/४. भाचीने परवा माझा अल्बम चाळताना विचारलं, ‘मावशी, तू दर वेळी कोणाला काय मोजून दाखवतेस?’